पाचव्या पेटीवरचं पान

मामाजी, तेरवीच्या दिवशी तुम्ही आला नव्हतात.

हे आधी सांगून टाकते, कारण रामाकोन्यात सगळीकडे उलटंच चाललं आहे. किराणा दुकानात, चक्कीवर, बसची वाट पाहताना, जो भेटतो तो हात जोडून सांगतो की बाबा, म्हणजे तुम्ही, मधमाश्यांच्या रूपानं येऊन पान जेवून गेले. हजारो माश्या पानावर उतरल्या, पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि धाकट्या सुनेनं मध्येच ते पान उचललं. धाकटी सून म्हणजे मी. गेले अकरा दिवस लोक माझ्याकडे ज्या नजरेनं पाहतात ती पाहून तुम्हाला गंमत वाटली असती. मला वाटत नाही. मला राग येतो, आणि माझा राग ऐकून घेणारं हक्काचं माणूस या घरात एकच होतं, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे.

त्या दुपारी जे चाललं होतं त्याला चोरी म्हणतात. हे मला दुसऱ्या कुणी नाही, तुम्हीच शिकवलं.

पंधरा वर्षांपूर्वी मी तिगावहून या घरात आले तेव्हा मला मधमाशी आणि गांधीलमाशी यांतला फरकही धड कळत नव्हता. स्टेशनजवळ वाढलेली मी, दिवसभर गाड्यांच्या आवाजात. इथली संत्र्याच्या बागेतली शांतता मला खायला उठायची. हे सकाळीच पांढुर्ण्याला नोकरीवर जायचे, मामी आपल्या कामात. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात तुम्ही मला बागेतून हाक मारली आणि एका लाकडी पेटीला कान लावायला सांगितला. मी घाबरत लावला. आत कुणीतरी जात्यावर बारीक दळत असावं तसा आवाज होता. तुम्ही म्हणालात, हा आवाज आहे तोवर घरात सगळं ठीक आहे असं समजायचं. मी विचारलं, कुणाच्या घरात? तुम्ही नुसते हसलात. त्या दिवसापासून मला ती शांतता कधी टोचली नाही.

चोर ओळखायला मात्र मला दोन हंगाम लागले. आंबिया बहार संपला, संत्र्याची फुलं गळाली, की मृगाच्या बहारापर्यंत माश्यांना बाहेर काही मिळत नाही. मग ज्या पेटीत माणसं जास्त ती पेटी दुबळ्या पेटीवर धाड घालते. तुम्ही पेट्यांतल्या माश्यांना माणसंच म्हणायचात. धुऱ्याच्या बांधापलीकडे शेजाऱ्याच्या चाळीस पेट्या, त्या मोठ्या परदेशी जातीच्या. आणि अलीकडे आपल्या आठ, लहानखुऱ्या सातेरी माश्यांच्या. मे महिन्यात तुम्ही मला पेट्यांपुढे बाजेवर बसवून ठेवायचात आणि स्वतः मागे उभे राहून सांगायचात.

"घरची माशी सरळ येते अन् दारात शिरते, तिले कोनाची भीती नाई. चोर माशी आधी फटी हुंगत फिरते. बाई, चालीवरून ओळखा लागते."

कोवळ्या माश्या दुपारी दारापुढे झुलतात तेव्हा मी चोर चोर म्हणून ओरडले होते, आणि तुम्ही इतके हसलात की खोकल्याची ढास लागली. त्या आपलं घर पाठ करून राहिल्या, म्हणालात. चोर माशीच्या अंगावरचे केस झडलेले असतात, ती काळी चकचकीत दिसते, आणि पोट भरून निघाली की तिला सरळ उडता येत नाही, आधी पेटीच्या भिंतीवर चढून मग झेप घेते. हे सगळं मला आज झोपेत विचारलं तरी सांगता येईल. त्यामुळेच त्या दुपारी सगळ्या मांडवात मला एकटीलाच रडू आलं नाही.

तुम्ही मला शिकवलं तसं मीही तुम्हाला शिकवायचा प्रयत्न केला, आणि तिथं आपलं बिनसलं. छिंदवाड्याला पाच दिवसांचं मधमाशीपालनाचं प्रशिक्षण होतं. मी जायचं म्हटल्यावर मोठ्या भाऊजींनी सौसरहून फोन करून विचारलं की मग घरी स्वयंपाक कोण करणार. तुम्ही म्हणालात, भाकरी मी थापतो. आणि खरंच पाच दिवस थापल्या. त्या भाकरी कशा होत्या हे मला मामींनी आजवर सांगितलेलं नाही, यावरूनच काय ते समजतं. मी परत आले ती वही भरून, आणि पहिल्याच सकाळी सांगितलं की मामाजी, टंचाईच्या दिवसांत पेट्यांची दारं बारीक करायची असतात. दोन माश्या जातील एवढीच फट ठेवायची, म्हणजे आतल्या दोन पहारेकऱ्यांना दार सांभाळता येतं. साखरेचं पाणी द्यायचं ते दिवे लागायच्या वेळी, पेटीच्या आत, थेंबही न सांडता.

साखरेचं तुम्ही ऐकलंत. दाराचं नाही ऐकलं. आपल्या इकडचा मे महिना काय असतो ते छिंदवाड्याच्या मास्तरांना माहीत नाही, म्हणालात. दार लहान केलं तर आतल्या माश्या गुदमरतील, पोळं वितळेल. मी लाकडाच्या पट्ट्या कापून आणल्या आणि आठही दारांना बसवल्या. सकाळी पाहते तर आठही पट्ट्या ओट्यावर ओळीनं मांडून ठेवलेल्या. मी पुन्हा बसवल्या. तुम्ही पुन्हा काढल्यात. असं आपण नऊ उन्हाळे केलं, मामाजी. घरात कुणाला कळलं नाही, कारण आपण दोघांनीही त्यावर कधी आवाज चढवला नाही. जेवताना तुम्ही मला वाढायला सांगायचात, मी वाढायची, आणि दोघांच्याही मनात पट्ट्याच असायच्या.

तुम्ही चुकत होतात. सावली केली, पेटीवर ओलं पोतं टाकलं, की बारीक दारातही कुणी गुदमरत नाही. गेलेल्या माणसाचं सगळंच बरोबर होतं असं म्हणायची पद्धत आहे. मी ती पाळणार नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं, निदान मी तसं समजते.

पण मग माझंही एक आहे, ते आज सांगते. सहाव्या वर्षी आपली तिसरी पेटी लुटली गेली आणि उरलेल्या माश्या एका दुपारी थवा करून निघून गेल्या, ते आठवतं? तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की मुंग्या लागल्या. मुंग्या नव्हत्या. मी मध काढून झाल्यावर पोळ्यावरून कापलेल्या, मध लागलेल्या मेणाच्या टोप्यांनी भरलेली परात अंगणात उन्हात तशीच ठेवली होती, मेण सुटावं म्हणून. वहीत पहिल्याच पानावर लिहिलं होतं की असं करायचं नाही, आणि मी ते केलं. परातीवर आलेल्या माश्या तिथून थेट तिसऱ्या पेटीवर गेल्या. संध्याकाळी मी पाहिलं तर परात धुऊन, पालथी घालून ठेवलेली होती. ती तुम्ही धुतली होतीत. तुम्हाला सगळं कळलं होतं, तरी मुंग्यांचं नाव पुढे केलंत. मी गप्प राहिले. नऊ वर्षं गप्प राहिले. एकदा तोंडातून निघालं असतं तर मला हलकं वाटलं असतं, पण पट्ट्यांच्या भांडणात माझी बाजू पडली असती, म्हणून बोलले नाही. ती परात माझी होती, मामाजी.

तुम्ही गेलात त्या सकाळी आधी नेहमीसारखे पेट्यांकडे गेला होतात. पट्ट्या काढल्यात, शेवटी पाचव्या पेटीची, ओट्यावर आणून ठेवल्यात, चहा मागितलात. चहा होईपर्यंत सगळं संपलं होतं. ते मी इथं लिहिणार नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढच्या बारा दिवसांत घरात माणसांचा राबता होता. चुलीवरून पातेलं उतरत नव्हतं. त्यातून वेळ काढून मी दोनदा बागेत गेले आणि सात पेट्यांची दारं बारीक केली. पाचवीचं केलं नाही. पट्टी हातात घेतली होती. पण ते दार तुम्ही उघडलेलं शेवटचं होतं, ते माझ्या हातानं बंद करवेना. पट्टी मी कमरेला खोचली आणि परत आले. पाचवी पेटी सगळ्यांत दुबळी, तिची राणी नवी, माश्या अर्ध्याच, हे माहीत असून. नऊ उन्हाळे तुमच्याशी भांडले आणि तुम्ही नाहीत म्हटल्यावर एकदाच तुमचं ऐकलं. तेही नको तिथं.

त्याच दिवसांत मोठे भाऊजी म्हणाले की पेट्या आता देऊन टाकू. लोधीखेड्याचा एक जण घ्यायला तयार आहे, त्याच्याकडे टेम्पो आहे, तेरवी झाली की घेऊन जाईल. भाऊजी वाईट माणूस नाहीत हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांना त्या पेट्या पाहवत नव्हत्या, एवढंच. सौसरहून यायचे, ओट्यावर बसायचे आणि बागेकडे पाठ करायचे. मी म्हटलं की मी सांभाळते, पंधरा वर्षं सांभाळतेच आहे. ते म्हणाले की वंदना, पेट्या बाबाच्या होत्या, त्याचा निर्णय मोठ्या मुलानं घ्यायचा. हे उठून बाहेर गेले. मी तांदूळ निवडायला बसले, कारण हातात काहीतरी हवं होतं.

आणि मग तेरवी. पहिलं पान तुमचं काढलं. ते कुठं ठेवायचं यावर चर्चा झाली. कुणी छपरावर म्हणालं, कुणी आंब्याखाली. भाऊजींनी पान उचललं आणि कुणाला न विचारता बागेत गेले. पानात बुंदी होती, वडे होते, भात होता. मधोमध वाटीभर मध होता, आपल्याच यंदाच्या संत्र्याचा, तुम्ही बाटलीत भरून ठेवलेला. तुम्ही रोज ज्या पेटीपाशी बसायचात त्या पाचव्या पेटीच्या झाकणावर त्यांनी ते पान ठेवलं आणि हात जोडून उभे राहिले. भर दुपारची वेळ, उन्हानं जमीन तापलेली, बाहेर कुठं एक फूल नाही.

मी पुऱ्या तळत होते. बाहेरून आवाज आले, पाह्य पाह्य, बाबा आले. बायका पदर सावरत बाहेर धावल्या. मी झारा हातात घेऊन गेले तेव्हा पानावर माश्यांचा थर बसलेला होता, वाटी दिसत नव्हती. गावातले आजोबा, सौसरचे पाहुणे, सगळे हात जोडून उभे. भाऊजी रडत होते, लहान मुलासारखे, तोंड न झाकता. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा रडले. आणि मी पानाच्या खाली पाहिलं. पाचव्या पेटीच्या दारात मारामारी सुरू झाली होती. आपल्या लहान माश्या एकेकीला धरून खाली पडत होत्या. धुऱ्याकडून मोठ्या माश्यांची रेघ लागली होती, काही आपल्याच पहिल्या पेटीतून येत होत्या, सगळ्या झाकणाच्या फटी हुंगत फिरत होत्या. भिंतीवर चढून झेप घेणाऱ्या काळ्या चकचकीत माश्या मी मोजल्याही नाहीत.

एकदा वाटलं की राहू द्यावं. रडतो आहे तो माणूस, त्याला रडू द्यावं, जाईल एक पेटी. हे खरं वाटलं, म्हणून लिहिते. मग पुढे झाले, वाटीवर पान दुमडलं, सगळं उचललं आणि पाण्याच्या टाक्यात बुडवलं.

पहिले भाऊजीच बोलले.

"वंदना, बाबाचं पान होतं थे."

"बाबा नाई आले, भाऊजी. चोरी होऊन राहिली. मध काऊन ठेवला तुमी पेटीवर?"

"बाबाले आवडे म्हणून."

थांबायला वेळ नव्हता. त्या दिवसापासून कमरेला खोचूनच ठेवलेली पट्टी त्या दारात कोंबली. कडेनं उरलेल्या फटीत गवत खुपसलं, झाकणाच्या कडेला चिखल थापला. एक काका शेणाच्या गोवऱ्यांचा धूर घेऊन आले, मी त्यांना हातानं मागे लोटलं. धूर केला की पहारेकरी आत पळतात आणि चोरांचं फावतं. एवढं समजावून सांगायला सवड नव्हती, म्हणून माझी जीभ जरा जास्तच तिखट झाली. पंगतीतली सतरंजी ओढली, टाक्यात भिजवून पाचव्या पेटीवर टाकली. पण चोर आता तिथं आत जाता येईना म्हणून चौथीवर आणि सहावीवर वळले होते. त्यांची दारं बारीक असली तरी फटी होत्याच. मला आणखी कापड हवं होतं आणि कुणी जागचं हलत नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहत होते, मला वेड लागलं असावं तसे.

तेव्हा मामी आतून आल्या. बारा दिवस त्या एका खोलीत बसून होत्या. सकाळीच त्यांच्या भावानं माहेरचं लुगडं आणलं होतं, ते घडीसकट त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते टाक्यात बुडवलं, झटकून मोकळं केलं आणि एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघींनी ते चौथ्या आणि सहाव्या पेटीवर पसरलं. मामींच्या गालाला दोन माश्या चावल्या. त्यांनी तिकडे हात नेला नाही. मग हे आले, घरातल्या चादरी घेऊन. मग भाऊजींनी टाक्यातून बादल्या भरून द्यायला सुरुवात केली. तासाभरानं धुऱ्याकडची रेघ विरळ झाली. पाहुणे केव्हाच पंगतीला परत गेले होते, बुंदी गार झाली होती.

मामाजी, तुम्ही असतात तर मुंग्यांचं नाव पुढे केलं असतंत. भाऊजींना सगळ्यांदेखत उघडं पाडलं नसतंत. मला ते येत नाही. मी शंभर माणसांपुढे मध काऊन ठेवला म्हणून विचारलं आणि त्यांनी आवडे म्हणून असं उत्तर दिलं, ते मला आता जन्मभर ऐकू येणार आहे. पण पान उचलल्याचं वाईट वाटत नाही. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा उचलीन.

पाचवी पेटी मात्र गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कान लावला तर आत काही नव्हतं. मध लुटला गेला होता, पोळ्याच्या कडा कुरतडलेल्या होत्या, आणि उरलेल्या माश्या राणीला घेऊन कुठंतरी निघून गेल्या होत्या. यावर गावात नवीन गोष्ट निघाली, की बाबांच्या माश्या बाबांमागे गेल्या. चक्कीवरच्या बाईंना मी सांगितलं की बाबांमागे वगैरे काही नाही, घरातलं सगळं धान्य लुटून नेलं तर तुम्हीही राहणार नाही. त्या दिवसापासून त्या माझं दळण सगळ्यांत शेवटी घेतात. घेऊ देत.

पुढे ठरल्याप्रमाणे टेम्पोचा दिवस आला, म्हणजे काल. आदल्या संध्याकाळी भाऊजी मुक्कामाला आले तेव्हा मी त्यांच्यापुढे बसले आणि सांगितलं की पाचवीचं दार मी उघडं ठेवलं होतं. तुम्ही उघडलेलं होतं म्हणून. दार बारीक असतं तर मधाची वाटी ठेवूनही कदाचित ती पेटी वाचली असती. पेटी घालवण्यात त्यांच्याइतकाच माझा हात आहे हे मला सांगायचं होतं. ते म्हणाले की म्हणूनच म्हणतो, पेट्या जाऊ दे, आपल्या दोघांनाही त्या सुखानं जगू द्यायच्या नाहीत. मी म्हटलं की सुखानं जगायला मी त्या मागतच नाही. त्यांना ते कळलं नाही, किंवा कळलं असेल.

सकाळी टेम्पो आला. लोधीखेड्याचा तो माणूस भला होता, त्यानं बूट काढून अंगणात पाय ठेवला, मामींना नमस्कार केला. दारं बंद करायला जाळ्या आणल्या होत्या, म्हणजे कामाचं ज्ञान होतं. मी पेट्यांपुढे जाऊन उभी राहिले. काय करणार होते ते मला ठाऊक नव्हतं. सात पेट्यांपुढे एक बाई किती वेळ उभी राहणार? हे मधे पडले, म्हणाले की दादा, आणखी महिनाभर थांबू. भाऊजी म्हणाले की शब्द दिला आहे, आणि पहिल्या पेटीला हात घातला.

मामी ओट्यावरून उतरून आल्या. गालावर डंखांचे डाग अजून होते. त्या भाऊजींपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांचं मनगट धरलं.

"गजू, तुह्या बापानं चाळीस वर्सं पेट्या ठेवल्या, मले एक डाव नाई ईचारलं. आता तू बी नाई ईचारून राहिला."

भाऊजींचा हात पेटीवरच राहिला. त्यांनी लहान आवाजात विचारलं.

"देऊ काय, माय?"

"नाई."

एवढंच. पुढे काही भाषण नाही, डोळ्यांत पाणी नाही. भाऊजींनी हात काढून घेतला. त्या माणसानं जाळ्या गोळा केल्या; मामींनी त्याला चहाशिवाय जाऊ दिलं नाही. रिकामा टेम्पो फाटकातून वळला तेव्हा भाऊजी स्वतः फाटक लावायला गेले, आणि परत आल्यावर बागेकडे तोंड करून बसले.

दुपारी मी नेहमीसारखी पेट्यांपुढे पहाऱ्याला बसले. मामी आल्या आणि बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. पंधरा वर्षांत त्या तिथं कधी बसल्या नव्हत्या. मला वाटलं, आता यांना शिकवावं लागेल. मी सुरुवातही केली, की मामी, घरची माशी सरळ येते, आणि चोर माशी असते ना ती. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं आणि बोटानं दुसऱ्या पेटीची डावी कड दाखवली.

"थे पाह्य, काळी. हुंगून राहिली. अन् तिच्यावरची, थे पोट भरून निघाली. आतून कुठंतरी फट आहे त्या पेटीले, मागच्या अंगानं पाह्य."

मी उठून मागे गेले. फळी उकलून बोट जाईल एवढी फट पडली होती, मला दिसली नव्हती. चिखल लावून परत आले आणि विचारलं की तुम्हाला कसं समजलं.

"चुलीपासून दिसते ना सारं. चाळीस वर्सं काय डोये मिटून बसली होती मी?"

त्यांना सगळं येत होतं, मामाजी. चोराची चाल, कोणत्या पेटीत राणी म्हातारी झाली, पट्ट्या कोण बसवतं आणि कोण काढतं. परात कुणाची होती तेही त्यांना माहीत आहे, काल बोलता बोलता त्यांनी सहज सांगितलं. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. आणि तुम्हाला दोष देऊन मी सुटत नाही, कारण पंधरा वर्षं त्यांच्या शेजारी भाकरी थापत मीही विचारलं नाही. उद्या उन्हं चढायच्या आत आम्ही दोघी सातही पेट्या तपासायला जाणार आहोत, आणि पहिली कोणती उघडायची ते त्या सांगणार आहेत.